एकाच पत्त्यावर दोन पत्रिका

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या त्या दिवशी आम्ही दोघी बहिणी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसलो होतो. मी पाकिटांवर नावं घालत होते आणि ताई वाटीत कालवलेलं हळदकुंकू बोटानं चारी कोपऱ्यांना लावून पाकिटं वाळत मांडत होती. साताऱ्याची यादी झाली, कराड झालं, मुंबई संपली, पुणं सुरू झालं. कोथरूडच्या एका पत्त्यापाशी माझं पेन अडलं. ते ताईच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं घर. त्या घरात दोघं राहतात, भाचा आणि त्याचा जोडीदार, त्याला आता सात वर्षं झाली. मी भाच्याचं नाव लिहिलं, पुढे ‘व’ काढला आणि वर बघितलं. ताई मान न उचलताच म्हणाली, "त्याला वेगळं पाकीट कर. दोन नावं शेजारी दिसली की कुरियरवाल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं." मी ते पाकीट बाजूला सारलं आणि दोन कोरी घेतली. एकावर भाच्याचं नाव घातलं, दुसऱ्यावर त्याच्या जोडीदाराचं. खाली तीच सोसायटी, तोच मजला, तोच फ्लॅट नंबर दोनदा लिहिला. ताईनं दोन्ही पाकिटांना चार-चार बोटं लावली.

वाया गेलेल्या पाकिटावरचा तो ‘व’ मात्र रात्री अंथरुणावर पडले तरी डोळ्यांपुढून हलेना.

आपल्याकडचं लग्नाचं पाकीट नुसतं नाव सांगत नाही. ‘चि.’ म्हणजे अजून व्हायचंय. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे ठरलंय. ‘श्री. व सौ.’ म्हणजे झालंय. आणि ‘गं. भा.’ म्हणजे झालं होतं. माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे हे पाकीट फोडायच्या आधीच कळतं. नाना गेल्यानंतर आईच्या नावाची पहिली पत्रिका आली, ती मीच तिच्या हातात दिली होती. तिनं चष्मा लावला, नाव वाचलं आणि ‘गं. भा.’ या अक्षरांवर अंगठा ठेवून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. त्या लग्नाला ती गेली नाही. विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणाली. राज्यात विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव निघाला आणि त्यावरून गदारोळ झाला, तो २०२३ चा एप्रिल महिना होता. मला तो आईच्या अंगठ्यामुळे लक्षात राहिला आणि आणखी एका गोष्टीमुळे. त्याच महिन्याच्या १८ तारखेला सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींपुढे समलिंगी विवाहाची सुनावणी सुरू झाली. एका बाजूला जिचा नवरा गेला तिच्या नावामागे काय लावायचं याची चर्चा होती, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या नावामागे लावायला आपल्याकडे अक्षरच नाही अशी माणसं कोर्टात उभी होती.

ताईचा मला राग आला होता का? आला होता. पण तो नीट धरताही येईना, कारण माझ्या लग्नाच्या कागदावर ताईची सही आहे.

१९८९ साली मी पुण्यात नोकरीला होते. आमची जात वेगळी, ह्यांची वेगळी. नाना ऐकणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. या कायद्यात तीस दिवस थांबावं लागतं. दोघांची नावं, वय, धंदा, पत्ता असा कागद ऑफिसच्या फलकावर लागतो आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं येऊन नोंदवायची. आमच्या नोटिशीचा फलक जाळीचा होता, त्याला बारकं कुलूप होतं. आतल्या कागदांच्या कडा उन्हानं पिवळ्या पडून आत वळलेल्या. मी रोज ऑफिस सुटल्यावर तिथून चक्कर टाकायची आणि आपलंच नाव लांबून वाचायची. आम्ही एका गोष्टीत मात्र चुकलो होतो. माझा कायमचा पत्ता साताऱ्याचा, त्यामुळे नोटिशीची एक प्रत तिकडच्या ऑफिसात लागणार हे आमच्या ध्यानातच आलं नाही. तिथं काही कामाला गेलेल्या नानांच्या ओळखीच्या माणसानं ती वाचली. नानांना मुलीचं लग्न परक्याच्या तोंडून कळलं, ही बोच त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. माझ्याही नाही. लग्नाला साक्षीदार तीन लागतात. ह्यांचे दोन मित्र होते आणि तिसरी ताई. सहा महिन्यांच्या मुलाला सासूपाशी ठेवून, मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जाते असं सांगून ती पहाटेच्या एसटीनं आली. सही करताना तिचा हात इतका थरथरत होता की आडनावातली वेलांटी ओळीच्या पार वर गेली. नाना माझ्याशी चार वर्षं बोलले नाहीत. ताईशी सहा महिने.

ते सहा महिन्यांचं मूल म्हणजेच हा भाचा.

ज्या कायद्यानं माझं लग्न लागलं त्याची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. हळूहळू वाचत गेले. १८७२ चा मूळ कायदा असा होता की त्याखाली लग्न करायचं तर आधी लिहून द्यायचं: मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन, ज्यू नाही. जातीबाहेर प्रेम करायचं तर आधी स्वतःचा धर्म नाकारायचा. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना ते नाकारणं टळलं, आणि १९५४ ला आजचा कायदा आला, ज्यात कुणी कुणाला धर्म विचारत नाही. मधल्या काळात, १९४८ च्या एप्रिलमध्ये, बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीनंच लग्न केलं. जात मोडायची तर रोटीव्यवहार पुरत नाही, बेटीव्यवहार व्हावा लागतो, असं सांगणाऱ्या माणसानं ते स्वतः करून दाखवलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना कायद्याचा आधार दिला तो १९१९ साली. आणि त्याही आधी, १८७३ च्या डिसेंबरात, पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं होतं, भटजीशिवाय आणि हुंड्याशिवाय. असली लग्नं लागली की गावचे भटजी दक्षिणेचे दावे लावत, आणि हे झगडे मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. लग्न कुणी लावायचं, कुणी कुणाशी करायचं, झालेलं खरं कुणी मानायचं, हे भांडण आपल्या मातीत चांगलं दीडशे वर्षांचं आहे. माझं लग्न त्या भांडणाच्या जोरावर झालंय. मी त्यात एक वीटही लावलेली नाही, आयत्या घरात राहायला आले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं दापोलीजवळच्या मुरुडला गेलो होतो, हे, मी, भाचा आणि त्याचा जोडीदार. माडापोफळीतून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, पाटाच्या पाण्याचा गार वास. ही दोघं पुढं चालली होती. भाच्याच्या पायाला काहीतरी बोचलं तशी तो थांबला, आणि दुसऱ्यानं काही न बोलता खाली बसून त्याचा तळवा आपल्या गुडघ्यावर घेतला आणि काटा काढला. समोरून एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून येत होते. दोघं झटकन लांब झाले. इतक्या सरावानं लांब झाले की माझ्या पोटात तुटलं. मला तिथं महर्षी कर्वे आठवले. हे त्यांचं गाव. १९८९ च्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८९३ साली, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरुडनं बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर एका जाजमावर कुणी बसायचं नाही. घरच्यांनी घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. विधवाविवाहाचा कायदा येऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती.

त्या ३७ वर्षांचा मी फार विचार करते. १८५६ मध्ये तो कायदा झाला तेव्हा त्याच्या विरोधात आलेल्या सह्या बाजूच्या सह्यांच्या कितीतरी पट होत्या. समाज तयार नव्हता. ३७ वर्षांनीही नव्हता. म्हणून कायदा करायचा नव्हता का? समाज तयार होईपर्यंत गोदूबाईंनी थांबायचं होतं का? कायद्यानं मुरुडचं जाजम बदललं नाही हे खरंच आहे. पण तो नसता तर त्या दोघांना निदान कोर्टाच्या दारात ‘हे आमचं लग्न’ म्हणता आलं नसतं, आणि त्यांची मुलं औरस ठरली नसती. समाज बदलायला वेळ लागतो, म्हणूनच तर त्या वेळात माणसाला उभं राहायला एक फळी लागते.

कर्व्यांच्या घरात तेव्हा पहिल्या बायकोचा अकरा वर्षांचा मुलगा होता, रघुनाथ. बाप वाळीत टाकला जाणं म्हणजे काय हे त्यानं त्या वयात बघितलं. पुढे त्यानंच १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि ज्या गोष्टी घरात कुजबुजतही नसत त्या छापल्या. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. १९३४ साली मुंबई हायकोर्टात र. धों. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. पुनर्विवाहासाठी वाळीत पडलेल्या घरातला मुलगा आणि जातिअंतासाठी आयुष्य घातलेला वकील, दोघं एका खटल्यात एका बाजूला, आणि लोक उघड विचारू शकत नाहीत ते प्रश्न छापू द्या म्हणून झगडतायत. ही लढाई परदेशातून आली, आपल्यात हे नव्हतं, असं कुणी म्हणालं की मला ते हायकोर्ट दिसतं.

जातीचं दुखणं आणि हे दुखणं एक नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. पाण्यावाचून ठेवलेल्या, अंगणाबाहेर उभ्या केलेल्या पिढ्यांची तुलना कशाशीच होत नाही, आणि ज्याच्या वाट्याला दोन्ही आलं त्याचं ओझं मी काय मोजणार? पण नाकारणाऱ्याची वाक्यं मात्र मला तीच ऐकू येतात. संस्कृती बुडेल. कुटुंब मोडेल. पोरांवर काय परिणाम होईल. आत्ता नको. हिंदू कोड बिलाच्या वेळी हीच होती, त्या बिलाची दैना बघून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. नानाही माझ्यासमोर हीच बोलले होते, आमच्या ओसरीवर, ताटातला भात चिवडत.

२०२३ मध्ये सरकारनं कोर्टात लिहून दिलं की ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. मला १९८७ मधल्या भोपाळच्या दोन महिला पोलीस शिपाई आठवल्या, एकमेकींना हार घालून लग्न केलं म्हणून ज्यांच्या नोकऱ्या गेल्या. यवतमाळच्या हॉटेलात २०१७ च्या अखेरीस लागलेलं दोन पुरुषांचं लग्न आठवलं, नागपुरात एकमेकींशी साखरपुडा केलेल्या दोन डॉक्टर मुली आठवल्या. १७ ऑक्टोबरला निकाल होता. मी सकाळचं सगळं आवरून मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून बसले. सरन्यायाधीश चंद्रचूड वाचत होते, ही गोष्ट शहरी नाही आणि उच्चभ्रूही नाही, आणि मला वाटलं, झालं! मग एकेक जण वाचत गेले. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जण एक. विशेष विवाह कायद्याला हात लावायचा नाही, ते संसदेचं काम. निदान या नात्याला सरकारनं काही मान्यता द्यावी असं म्हणणारे दोघं, नको म्हणणारे तिघं. जो कायदा मला आत घेऊन गेला त्याच्याच दारावर ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ हे दोन शब्द आडवे होते. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. निकालाबद्दल एक अक्षर नाही. "मावशी, पुरणाला डाळ किती वेळ शिजवायची गं?" मी सांगत राहिले, तो ऐकत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या, आणि त्याच महिन्यात थायलंडमध्ये अशी लग्नं नोंदवायला सुरुवात झाली.

लग्नाच्या कागदानं काय मिळतं, हे बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी पाहिलंय. माझ्याकडे दोघी यायच्या, एक निवृत्त शिक्षिका, एक नर्स. महिन्याच्या पाच तारखेला, रांगेत एकीमागे एक. एकीचा चष्मा विसरला की दुसरीचा लावून सही व्हायची. मी त्यांना बहिणी समजायची, तसं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. शिक्षिका गेल्या. त्यांची एक मुदत ठेव नुसत्या त्यांच्या नावावर होती, नॉमिनी नाही. पुतण्या वारस म्हणून कागदपत्रं घेऊन आला, सगळी बरोबर होती. त्याच आठवड्यात नर्सबाई आल्या. "आमचे पैसे आहेत हो ते, दोघींनी साठवलेले," एवढंच म्हणाल्या. फॉर्मवर ‘मयताशी नाते’ असा रकाना असतो. त्यांनी पेन हातात घेतलं, त्या रकान्यावर टेकवलं आणि काही न लिहिता परत माझ्या हातात दिलं. मी नियमाप्रमाणे काम केलं. आता सरकारनं सांगितलंय की अशा जोडप्यांना जोडखातं काढता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं, रेशनकार्डावर एका घरातले म्हणून राहता येतं. २०२४ चं आहे हे, आणि ते चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे बँकेतल्या कुणालाही विचारा. वारस आला की नॉमिनीनं पैसे त्याच्या हातात ठेवायचे. त्या रकान्यात ‘पत्नी’ लिहायला लागणारा एक सेकंद, त्यासाठी ही सगळी धडपड आहे.

लेकीच्या लग्नात दोघं आदल्या रात्रीच आले. जोडीदारानं रुखवताची मांडामांड केली, पंगतीत जिलेबी वाढली, ह्यांना बीपीची गोळी आठवणीनं दिली. मग फोटोवाला ओरडला, "आता मुलीकडची फॅमिली, सगळे वर या!" आम्ही वर गेलो. भाचाही आला, माझ्या मागं उभा राहिला. जोडीदार स्टेजच्या खाली होता. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं हात पुढं केला, "द्या ना मोबाइल, मी काढतो." माझा, ताईचा, ह्यांचा, लेकीचा, असे चार मोबाइल त्याच्या हातात होते. एकेक करून तो सगळ्यांचे फोटो काढत होता, थोडे जवळ या, मावशी पदर नीट करा म्हणत होता. फोटोवाल्याच्या अल्बमपेक्षा तेच फोटो छान आलेत. माझ्या घरात फ्रेम करून लावलाय त्यातही सगळे त्याच्याकडे बघून हसतायत. तो कुठंच नाही.

मी फोटो दाखवला तेव्हा ताई बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मी तुझ्या कागदावर सही केली तेव्हा भ्याले नव्हते असं तुला वाटतं ना? भ्याले होते. पण तू बहीण होतीस. हे माझं पोर आहे गं. त्याला कुणी काही बोललं तर मला सोसायचं नाही, म्हणून मी झाकत बसते." मला त्यावर काही बोलता आलं नाही. नानांच्या चार वर्षांच्या अबोल्यातही असलंच काही असेल का, हे तोवर माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात भावोजींच्या पंचाहत्तरीची निमंत्रणं होती. पुन्हा सतरंजी, पुन्हा वाटीत हळदकुंकू. भावोजी आतल्या खोलीत पेपर वाचत होते, ते या विषयावर बोलत नाहीत. पुण्याची यादी आली. मी न विचारता दोन पाकिटं पुढं ओढली.

"दोन कशाला?" ताई म्हणाली. "पत्ता एकच आहे ना?"

मी भाच्याचं नाव लिहिलं. ‘व’ काढला. जोडीदाराचं नाव लिहायला घेतलं तशी तिनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटाचं कुंकू माझ्या हाताला लागलं. "थांब. नुसतं नाव-आडनाव नको, वडिलांचं नाव घालून पूर्ण लिही, बाकीच्यांचं लिहितेस तसं. काय नाव गं त्याच्या वडिलांचं?" मला माहीत नव्हतं. सात वर्षांत मीही विचारलं नव्हतं. ताईनं बोट पदराला पुसलं आणि मोबाइल शोधायला उठली.